मदत हवी आहे: संक्रांतीच्या वाणासाठी ॲप्रन शिवतेय, गळ्याचं आणि काखेच्या गोलाईचं काय करू?

नमस्कार मंडळी, शिवणकाम करणाऱ्यांनी जरा इकडे लक्ष द्या प्लीज.

आमचा मैत्रिणींचा ग्रुप आहे कॉलेजपासूनचा, सगळ्या आता पन्नाशीच्या आसपास. प्लॅस्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या लुटून लुटून प्रत्येकीचं कपाट भरलंय म्हणून ठरलं की यंदा वाण घरी केलेलंच द्यायचं, विकतचं आणलं तर तिळगूळ मिळणार नाही. एक जण क्रोशाचे कोस्टर विणतेय, एकीने हलव्याच्या दागिन्यांचं मनावर घेतलंय (तिची चिकाटी तिलाच लखलाभ), आणि माझ्याकडे मशीन आहे म्हणून मी बोलून बसले की सगळ्यांना ॲप्रन शिवते.

कापड ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) जाडसर कॉटन घेतलंय, एका ॲप्रनला एक मीटर. तयार उंची ३२ इंच, खाली रुंदी २६, छातीशी १०. कडेला जी पट्टी उरते त्यातून खिसा आणि बंद निघतात. नमुन्याचा एक शिवून बघितला, दिसायला बरा आहे पण काखेच्या गोलाईला पट्टी लावली तिथे चुण्या येतायत, इस्त्री मारली तरी बसत नाहीत. दुसरं म्हणजे गळ्याचा पट्टा. आमच्यात एक पाच फूट आठ इंच आणि एक जेमतेम चार फूट अकरा, एकाच मापाचा केला तर एकीच्या गळ्याला फास आणि दुसरीची छातीपट्टी पोटावर. बकल नकोयत मला, धुताना आपटतात. तिसरं, खणाचं कापड लावावं असं फार मनात आहे, हिरवं-जांभळं, काय उठून दिसेल! अख्खाच खणाचा करू का? आणि मशीन जुनं पायाचं आहे, खिशाच्या कोपऱ्यावर तीन-चार पदर आले की टाके सोडतं.

यूट्यूबवर सगळे "इथे बायस टेप लावा" म्हणतात आणि पुढे पळतात, कशी ते कुणी सांगत नाही.

गोधडीवेडी:
पट्टी सरळ कापली असशील तर चुण्या येणारच. गोलाईला उरेब (तीच तुझी बायस टेप) लागतो, म्हणजे काठाशी ४५ अंशात तिरकी कापलेली पट्टी, ती ताणते म्हणून वळते. पण मी म्हणते गोलाई हवीच कशाला? छातीच्या कोपऱ्यापासून कमरेपर्यंत सरळ तिरपी रेघ मारून काप, दुमडीसाठी सव्वा-दीड इंच जास्त ठेव, ती कड आत दुमडून टीप मार की झाला नेफा, आपण परकराला करतो तस्साच. मग एकच लांब नाडी घे, एका बाजूच्या नेफ्यात खालून वर घाल, गळ्यामागून फिरव आणि दुसऱ्या बाजूने वरून खाली काढ. नाडी ओढली की गळा लहान, छातीपट्टी खाली खेचली की मोठा, आणि उरलेली टोकं कमरेला बांधायची. तुझी पाच-आठ आणि चार-अकरा दोघी एकाच मापात बसतील. मागे गाठ मारायची तर अडीच मीटर नाडी पुरते, पुढे आणून बांधायची तर सव्वातीन धर.
फक्त ती तिरपी कड ताणली जाते हां, आधी धावदोरा घालून घे आणि टीप मारताना कापड ओढू नको.

तिखटमीठ:
नेफ्याला अनुमोदन. खणाचं मात्र ऐक, अख्खा ॲप्रन नको. स्वस्तात मिळणाऱ्या खणात पॉलिस्टर बरंच असतं आणि आपण उभ्या असतो गॅसपुढे. सुती कापडही पेटतं पण सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं, ते जास्त वाईट. दोन दोरे काढ, चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघ, कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख आली तर सुती, टोकाला कडक काळी गोळी झाली तर पॉलिस्टर. उभे आणि आडवे दोन्ही दोरे बघ, वेगळे असू शकतात. गोळी झाली तर तो खण एखाद्या पर्सला वापर. सुती निघाला तर खिशाला लाव, आतून अस्तर दे कारण कडेने फार उसवतो.
आणि कापायच्या आधी सगळं कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून घे. नाहीतर पहिल्या धुण्यात कॉटन आटेल, खण तेवढा आटणार नाही आणि खिशाभोवती सुरकुत्या. रंगासाठी मिठाच्या पाण्यात घाल असं कुणीतरी सांगेलच, त्याने रंग पक्का होतोच असं नाही. ओला पांढरा रुमाल घासून बघ, रुमालाला लागला तर ते कापड वेगळं धू.

जुना टेलर:
ताई, आधी सुई बदला. बोथट सुई टाके सोडते आणि लोक मशीनला नावं ठेवतात. जाड कॉटनला १६ नंबर, खिशाजवळ १८ लावून बघा. खिशाच्या दुमडीत कोपऱ्याला आतलं जादा कापड तिरकं छाटा, मग पदर कमी होतात. तिथे पायडल नका मारू, चाक हाताने फिरवा. खिशाच्या वरच्या दोन्ही टोकांना छोटा त्रिकोण टिपेचा, शर्टाला असतो तसा, म्हणजे हात घातला की उसवणार नाही. आणि एकेक ॲप्रन पुरा करत बसू नका, आधी सगळे खिसे, मग सगळे नेफे. लवकर उरकतं.

धागाकर्ती:
अहो किती छान सांगितलंत सगळ्यांनी! जाळून बघितलं, उभा दोरा राख, आडव्याची गोळी. म्हणजे खण बाद, जीवावर आलंय पण ठीक आहे, आईच्या जुन्या सुती साडीचा पदर आहे त्याचे खिसे करते. एक जण डावखुरी आहे म्हणून खिसा मधोमध आणि रुंद घेतेय, मधून उभी टीप मारून दोन कप्पे. नवऱ्याने आत्ताच स्वतःसाठी एक बुक केलाय, चहापलीकडे काही येत नाही तरी.
आता फक्त नाडीचं सांगा, दुकानात मिळाली ती नायलॉनची चकचकीत, गळ्याला टोचते आणि गाठ सुटते.

गोधडीवेडी:
विकतची कशाला, कडेची पट्टी उरतेय ना १६ इंचाची? त्यातून २ इंच रुंद अशा तीन पट्ट्या काप, जोडून जवळजवळ तीन मीटर होतात, म्हणजे गाठ मागेच येईल. दोन्ही कडा मध्यावर आण, परत दुमड, कडेने टीप, अर्ध्या इंचाची नाडी तयार. जोड सरळ नको, तिरका दे, नाहीतर तिथे गाठीसारखं जाड होऊन नेफ्यात अडकतं. ओवायला सेफ्टी पिन.