साठीनंतरचा आरोग्य विमा : नाशिककरांचे अनुभव

आई-वडिलांसाठी किंवा स्वतःसाठी उतारवयात आरोग्य विमा निवडताना कोणती अट उपयोगी पडली आणि कोणत्या अटीने अडवले, हे कृपया तपशिलाने लिहावे. कंपनीचे व रुग्णालयाचे नाव टाळावे. अटी आणि रकमा मात्र जरूर द्याव्यात, कारण पुढच्याला उपयोग त्यांचाच होतो. सुरुवात मीच करते.

गंगापूर रोड
सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हा त्यांच्या नावावर ५ लाखांची जुनी पॉलिसी होती आणि अंदाजित बिल त्याहून बरेच कमी असल्याने घरात सगळे निर्धास्त होते. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये होती आणि मिळालेली खोली ८,००० रुपयांची होती. अशा वेळी वरचे ३,००० तेवढे आपण भरायचे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात शल्यचिकित्सकांची व भूलतज्ज्ञांची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, नर्सिंग असे खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे सारे खर्च ८ ला ५ या प्रमाणात कापले गेले आणि या खर्चांच्या एकूण २ लाखांपैकी सव्वा लाखच मंजूर झाले. औषधे आणि बसवलेला कृत्रिम सांधा यांना ही कात्री लागली नाही, एवढेच समाधान. माझ्या मते, ज्येष्ठांच्या पॉलिसीत विमा रकमेच्याही आधी खोलीभाड्याचे कलम वाचावे.

नाशिक रोड
मला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. प्रस्ताव अर्जात त्यांचा उल्लेख केला तर प्रीमियम वाढेल, तेव्हा तो टाळा, असा सल्ला एजंटाने दिला होता. मी तो मानला नाही. गोळ्यांची नावे, त्या सुरू झाल्याचे साल आणि साखरेचा ताजा अहवाल अर्जाला जोडला. प्रीमियमवर लोडिंग, म्हणजे आजारामुळे जादा आकारणी, बसले आणि आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळही लागला, म्हणजे तोवर त्या आजारांचा खर्च मिळत नाही. हा काळ पूर्वी ४८ महिन्यांपर्यंत असू शकत असे. २०२४ पासून त्याची कमाल मर्यादा ३६ महिने आहे. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेरोपण यांसाठी, आजार आधीपासून नसला तरी, बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. दडवलेला आजार केसपेपरवरच्या ‘के/सी/ओ डीएम’ (आधीपासून मधुमेह असलेला रुग्ण) एवढ्या नोंदीवरूनही उघड होतो. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिल्यावर सिद्ध झालेली फसवणूक वगळता माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, हे खरे. पण मुद्दाम दडवलेली माहिती फसवणुकीतच गणली जाऊ शकते, तेव्हा त्या नियमाच्या भरवशावर कोणी राहू नये.

पंचवटी
वडील पंचाहत्तरीच्या पुढचे. वयाची ६५ वर्षांची अट आता राहिलेली नसल्याने पॉलिसी मिळत होती, पण प्रत्येक दाव्यात २० टक्के आपण भरायचे आणि प्रीमियम असा की निवृत्तिवेतनाचा मोठा वाटा त्यातच जावा. आम्ही ती घेतली नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्यांना, उत्पन्नाची अट न लावता, सरकारी योजनेतून मोफत उपचारांसाठीचे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. आधारवरून ई-केवायसी करून ते काढले. आधीपासूनच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते, हा त्याचा मोठा गुण. मात्र वर्षाचे ५ लाख कुटुंबासाठी असतात, म्हणजे आई आणि वडील दोघांत मिळून. बाह्यरुग्ण तपासण्या त्यात येत नाहीत आणि योजनेशी संलग्न रुग्णालयातच जावे लागते. तेव्हा कोणत्या रुग्णालयात कोणता विभाग योजनेत आहे, हे तेथील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) आधीच विचारून ठेवावे. ऐन वेळी रुग्णवाहिकेत बसून ही चौकशी होत नाही. हप्त्याचे वाचलेले पैसे आम्ही वेगळ्या मुदत ठेवीत टाकतो.

सिडको
पंचवटीच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. साठीच्या आसपास असलेल्याने सत्तरीपर्यंत थांबणे धोक्याचे आहे. शिवाय एक लक्षात घ्यावे : काही पॉलिसींचा प्रीमियम शहरांच्या झोनप्रमाणे ठरतो आणि नाशिकच्या दराने घेतलेल्या अशा पॉलिसीवर मुंबईत उपचार घेतल्यास ठरावीक टक्के रक्कम स्वतः भरावी लागू शकते. येथून मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुंबई गाठणारे कमी नाहीत.

इंदिरानगर
मी एका रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या कक्षात, काम केले आहे. कॅशलेसची (बिल विमा कंपनीने थेट रुग्णालयाला देण्याची) पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा २०२४ पासून नियम आहे. तरीही नातेवाईक ताटकळतात, त्याचे एक कारण अपुरी कागदपत्रे हे असते. जुने केसपेपर, चालू औषधांची यादी आणि ओळखपत्र एका फाइलमध्ये ठेवावे. हातमोजे, मास्क यांसारख्या वस्तूंचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत. त्यासाठीचे रायडर (जादा पैसे भरून घ्यायचे जोड-संरक्षण) असेल तर घ्यावे.

कॉलेज रोड
आम्ही ५ लाखांची मूळ पॉलिसी ठेवून वर सुपर टॉप-अप घेतला. टॉप-अप म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड पॉलिसी. साधा टॉप-अप प्रत्येक वेळी दाखल होण्याचा खर्च स्वतंत्र मोजतो. सुपर टॉप-अप वर्षभराच्या खर्चाची बेरीज पाहतो. उतारवयात एकाच वर्षात दोनदा दाखल व्हावे लागण्याचा संभव असल्याने हा फरक मोठा ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला आहे आणि ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर कंपनीला विमा नियामकाशी आधी सल्लामसलत करावी लागते. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टचा (पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा) अर्ज द्यावा आणि नव्या कंपनीचा होकार लेखी येईपर्यंत जुनी पॉलिसी खंडित होऊ देऊ नये.