शूटिंगपेक्षा नोंद कामाची
हॉस्पिटलमध्ये नर्स किंवा वॉर्डबॉय पेशंटवर खेकसताना दिसला की लगेच मोबाईल काढून शूटिंग करा, असं काहीजण सुचवतात. मला नाही पटत. त्यात शेजारच्या खाटांवरचे पेशंटही येतात, आणि मग मूळ वागणूक बाजूला राहून तुमच्या शूटिंगवरच वाद होतो. त्यापेक्षा तिथल्या तिथे लिहून ठेवा: तारीख, वेळ, वॉर्ड, खाट नंबर आणि बोललेले शब्द जसेच्या तसे. ‘उद्धट बोलल्या’ या तक्रारीचं काहीच होत नाही. ‘बेडपॅन तीनदा मागितल्यावर "अंथरुणातच कर" म्हणाल्या’ याला उत्तर द्यावंच लागतं. नाव कळलं नाही तरी अडत नाही, ड्यूटी रोस्टरवरून (कोण कधी कामावर होतं त्याच्या तक्त्यावरून) माणूस सापडतो.

सीसीटीव्हीचाही विचार करा. साठवायची जागा भरली की जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढतं, म्हणून ‘अमुक वेळेचं फुटेज राखून ठेवा’ असा अर्ज त्याच दिवशी द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. (आवाज बहुधा नसतो, पण खाटेकडे कोण कधी फिरकलं ते दिसू शकतं.) अर्थात सलाईनचा हात सुजलाय आणि कुणी बघत नाही, असलं काही असेल तर अर्जबिर्ज नंतर, आधी इन्चार्ज सिस्टरना खाटेपाशी आणा.