४२९४९६७२९७ चा विभाजक हाताने कसा सापडला?

प्रश्न:
३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ संख्या आहेत. प्रत्येकीतून १ वजा करून, उरलेल्याचा वर्ग करून त्यात १ मिळवला की पुढची मिळते. या रीतीने येणारी सहावी संख्या ४२९४९६७२९७, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, हीदेखील मूळ असावी असे फर्माला वाटत होते. परंतु १७३२ मध्ये ऑयलरने तिला ६४१ ने निःशेष भाग जातो हे दाखवले. भागाकार ६७००४१७ येतो. ६४१ ही क्रमाने ११६ वी मूळ संख्या आहे. तिच्याआधीच्या ११५ संख्यांनी भागून पाहण्यावाचून दुसरा मार्ग होता का? आणि ६७००४१७ मूळ आहे हे कसे ठरवावे?

उत्तर १:
मार्ग होता. समजा, प या मूळ संख्येने भाग जातो. मग २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ आणि ६४ व्या घाताची बाकी १ येते. बाकी १ देणारा सर्वांत लहान घात ६४ हाच असतो, कारण तो ६४ चा विभाजक असलाच पाहिजे आणि ६४ हून लहान असता तर ३२ व्या घाताचीही बाकी १ आली असती. फर्माच्याच प्रमेयानुसार २ च्या (प − १) व्या घाताची बाकी १ असते, म्हणून प − १ ला ६४ ने भाग जातो. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच प्रयत्नात उत्तर. फर्माच्या हाती हे साधन होते, याची मला फार हळहळ वाटते.

उत्तर २:
ल्युकाने १८७८ मध्ये ६४ च्या जागी १२८ आणले, त्यामुळे २५७ आणि ६४१ एवढ्याच उरतात. पहिल्या पाच संख्यांचा गुणाकार ४२९४९६७२९५ आहे, आपल्या संख्येहून बरोबर २ ने कमी. दोन्ही विषम असल्याने त्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही, म्हणून २५७ आपोआप बाद होते.

आता ६७००४१७. तिचा प्रत्येक विभाजक मूळ संख्येचाही विभाजक असल्याने तोच नियम लागू होतो. तिचे वर्गमूळ २५८९ पेक्षा कमी आहे, तेव्हा ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच संख्या तपासाव्या लागतात. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२ येतात. म्हणून ती मूळ आहे.

प्रश्नकर्ता:
चारही बाक्या पडताळल्या, बरोबर आहेत. आपल्या दुसऱ्या उत्तरात ‘मूळ संख्येचाही’ म्हणजे ४२९४९६७२९७ चाही, असे मी समजलो.

उत्तर २:
होय, तेच अभिप्रेत होते. या विषयात तो शब्द तसा वापरायला नको होता.

उत्तर ३:
भागाकार न मांडताही ६४१ ची खात्री करता येते. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ × १२८ ची बाकी −१; चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ असल्याने ६२५ च्या जागी −१६ ठेवता येतात, आणि १६ गुणिले २ चा २८ वा घात म्हणजे २ चा ३२ वा घात. म्हणजे त्याची बाकी −१, आणि त्यात १ मिळवल्यावर शून्य.