सिस्टिम रिक्वायरमेंट्स : आवश्यकता, गरज की अट?

प्रश्न
मेलमन ३ (गटाला ईमेल पाठवायचं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर कसं बसवायचं याची माहिती मराठीत लिहितो आहे, एका ग्रंथालयाच्या सभासदांना गटाने ईमेल पाठवणाऱ्या मंडळींसाठी. पहिल्याच मथळ्याशी अडलो. 'सिस्टिम रिक्वायरमेंट्स'ला 'प्रणालीच्या आवश्यकता' लिहिलं, तर मसुदा वाचणाऱ्या बाईंनी विचारलं, "यातलं काय नसेल तर अजिबात चालणार नाही, आणि काय कमी असेल तर नुसतं रखडत चालेल?" माझ्या मथळ्यावरून ते कळतच नव्हतं. कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद
'आवश्यकता' रूढ आहे, तोच ठेवा. फक्त त्याचं अनेकवचन तसंच राहतं, त्यामुळे एक की अनेक ते कळत नाही. 'काय काय लागेल' असा साधा मथळाही चालेल.

प्रतिसाद
रूढ आहे खरा, पण बाईंनी नेमकं दुखणं पकडलंय. मराठीत गरज भागते आणि अट पुरी होते. गरज थोडी भागते, बरीचशी भागते, कशीबशी भागते. अट मात्र अर्धी पाळली तरी मोडलीच.

हेच मेलमनला लावून बघा. मेलमन २, म्हणजे आधीची आवृत्ती, पायथन २ या संगणकभाषेवर चालायचं. त्या पायथनची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. मेलमन ३ ला पायथन ३ च लागतो, तिथे 'जुना आहे, भागवून घेऊ' चालत नाही. ही अट. मेमरी ही गरज. सभासद ५० असोत की ५,०००, मेलमन सुरू होतंच; पण जुन्या पत्रांचा साठा हायपरकिटीत (मेलमनचा पत्रसंग्रह सांभाळणारा भाग) भरून त्याची शोधसूची करायला घेतली की गरज एकदम वाढते. मी स्वतः लहानसा सर्व्हर भाड्याने घेतला होता. रोजची पत्रं सुरळीत जात होती. १२ वर्षांचा साठा भरायला घेतला आणि मेमरी अपुरी पडून काम मध्यरात्री बंद पडलं. 'किमान आवश्यकता' म्हणून जे लिहिलं होतं ते सगळं माझ्याकडे होतं! ती माहिती लिहिणाऱ्याने 'गरज' म्हटलं असतं, तर 'कशासाठी, किती?' हा प्रश्न मला आपसूक पडला असता.

व्युत्पत्तीही हेच सांगते. 'अवश्य' म्हणजे जे आपल्या वशात नाही, टळत नाही. 'गरज' अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ हेतू. हेतू बदलला की गरज बदलणारच.

प्रश्नकर्ता
पटलं. मग पोस्टफिक्स कुठे बसवू? मेलमन स्वतः पत्रं जगात नेऊन पोचवत नाही, ते काम पोस्टफिक्स किंवा एक्झिम करतं. आलेलं पत्रही तेच मेलमनच्या हाती देतं. 'डिपेंडन्सी'ला 'अवलंबित्व' लिहायला हात धजत नाही.

प्रतिसाद
भिस्त! 'मेलमनची भिस्त पोस्टफिक्सवर आहे.' कुणाच्या जिवावर काम चालतं ते एका शब्दात येतं.

प्रतिसाद
भिस्त बोलण्यात छान आहे, पण तक्त्याच्या मथळ्यात?

प्रतिसाद
का नको? 'भिस्त कशावर' असा रकाना करा, कुणालाही समजेल. डेटाबेसही त्यातच घाला. मुळात एसक्यूलाइट मिळतो. नेहमीच्या वापरासाठी पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल बरा. तिथे 'शिफारस केलेला' असं लांबण लावू नका, 'इष्ट' पुरे. किमान आणि इष्ट, जोडी जमते.

प्रश्नकर्ता
आता तीन रकाने झाले: अटी, गरजा, भिस्त. एक गोष्ट मात्र कुठेच बसत नाही. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या बाहेर जाणाऱ्या पत्रांसाठीचं २५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं जोडणीचं दार, बंद ठेवतात. आपल्याकडे सगळं असलं तरी पत्र दाराबाहेर पडत नाही.

प्रतिसाद
ती परवानगी. ती दुसऱ्याकडे मागावी लागते, म्हणून चौथा रकाना करा आणि तो पहिला ठेवा.