नळीने लघवी काढतो, कल्चर दर वेळी पॉझिटिव्ह येतं, ताप नसला तरी अँटिबायोटिक द्यायचं का?

तासगावची_आई:
नमस्कार, मुलगी आठ वर्षांची आहे, स्पायना बायफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट बंद झालेला नसतो), जन्मल्या जन्मल्या पाठीचं ऑपरेशन झालंय, डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) पण आहे. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढतो, शाळेत मधल्या सुट्टीत मीच जाते. रुटीन म्हणून अधूनमधून लघवी तपासतो, कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) पण करतो, तर दर वेळी पस सेल्स (पू-पेशी) भरपूर आणि ई. कोलाय जंतू एक लाखाच्या वर. मग सिफिक्झिम झालं, अमोक्सिक्लाव झालं, आता ताज्या रिपोर्टमध्ये जवळपास सगळ्या अँटिबायोटिकपुढे आर (जंतू दाद देत नाहीत) लिहिलंय, एस (औषध लागू पडतं) फक्त अमिकासिन, मेरोपेनेम आणि नायट्रोफ्युरँटॉइन. पोरीला ताप नाही, दुखत नाही, जेवण व्यवस्थित, दंगा चालूच. लघवी थोडी गढूळ आहे, वास येतो एवढंच. इथले एक डॉक्टर म्हणाले अॅडमिट करून इंजेक्शनचा कोर्स करू. सासूबाई पण म्हणतात रिपोर्ट खराब आहे तर थांबता कशाला. मला धास्ती ही की आत्ताच सगळी औषधं संपवली तर खरंच ताप आल्यावर काय देणार?

कऱ्हाडचा_बाबा:
ताई तुमची धास्ती अगदी बरोबर आहे. माझा मुलगा चौदाचा, त्याचीही नळीच. रोज नळी घालणाऱ्या बहुतेक पोरांच्या लघवीत जंतू सापडतातच, ते तिथं राहतायत म्हणजे इन्फेक्शन झालंय असं नाही, ताप, कंबरेत दुखणं, उलट्या, किंवा एरवी कोरडी राहणारी पोरगी अचानक मधेच गळायला लागली असं काही असेल तरच औषध, असं आमच्या पेडियाट्रिक युरॉलॉजिस्टनी पहिल्यांदाच बजावलं होतं. गढूळपणा आणि वास एवढ्यावर तर नाहीच, आधी पाणी वाढवा. बरं वाटत असताना रुटीन कल्चर करणंच त्यांनी बंद करायला लावलं. डोस दिला की साधे जंतू मरतात आणि दाद न देणारे उरतात, लघवीतच नाही तर आतड्यात पण, आणि पुढचं इन्फेक्शन त्या आतड्यातल्यांचंच होतं. आणि मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय सिफिक्झिम देत असेल तर घेऊ नका, 2014 पासून ते शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही अशा औषधांच्या यादीत आहे.

मिरज_लॅबवाली:
मी लॅबमध्ये आहे म्हणून सँपलबद्दल सांगते. बाटलीत लघवी ताज्या स्वच्छ नळीतून थेट धरा, डायपर किंवा पिशवीतली नको. तासाभरात पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, तासगावहून एसटीत उन्हात दोन तास फिरलेल्या बाटलीत जंतू आपोआप वाढलेले असतात आणि तोच आकडा रिपोर्टवर छापला जातो. सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या डोसच्या आधी सँपल. गोळी पोटात गेल्यावर आणलेल्या लघवीत बऱ्याचदा काही उगवत नाही आणि मग डॉक्टरांना अंदाजानेच औषध बदलावं लागतं.

तासगावची_आई:
खूप बरं वाटलं वाचून. पण एस आहे तर नायट्रोफ्युरँटॉइनच घरी आणून ठेवू का, तापासाठी?

कऱ्हाडचा_बाबा:
नको ताई. ते फक्त मूत्राशयातल्या लघवीत पोचतं, किडनीत इन्फेक्शन चढून ताप आला असेल तर उपयोगाचं नाही. तापाला घरी काहीच सुरू करू नका, सँपल घ्या, जुने सगळे कल्चर रिपोर्ट एका फाइलीत लावलेले असू देत ती फाइल उचला आणि सरळ हॉस्पिटल, कारण पहिलं इंजेक्शन कुठलं हे मागच्या रिपोर्टवरून ठरतं. मेरोपेनेम त्या दिवसासाठी शिल्लक राहू दे. तिला शंट आहे ना, मग ताप आणि उलट्या एकदम आल्या तर शंटमध्ये बिघाड किंवा इन्फेक्शन असू शकतं, लघवीचा रिपोर्ट खराब आहे म्हणून तिथंच अडकू देऊ नका, शंट बघायला सांगा.

अॅडमिट व्हायच्या आधी युरॉलॉजिस्टचं मत घ्याच. आणि इन्फेक्शन खरंच परत परत होत असेल तर कारण शोधायला लागतं, मूत्राशयात प्रेशर जास्त आहे का, लघवी किडनीकडे उलटी जाते का, नळीनंतर आत किती उरते. शी तुंबलेली असेल तर मूत्राशयावर दाब येतो, नीट रिकामं होत नाही. आमच्याकडे रोज ठरल्या वेळी पोट साफ करायला लागलो तेव्हा सगळ्यात जास्त फरक पडला. 1972 मध्ये अमेरिकेत डॉ. लॅपिडेस यांनी ही नळीची पद्धत मांडली तेव्हा त्यांचा मुद्दाच हा होता की नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली तरी पुरते, मूत्राशय वेळेवर रिकामं झालं पाहिजे. तिची रात्रीची शेवटची नळी किती वाजता असते?