एसअनरिक्लेम रोज ३.४ लाख केबीने वाढतंय, केमेमलीक मात्र गप्प

भोसरी_गेटवे

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस मशीनची मोजमापं गोळा करणारी गेटवे पेटी आहे. ४ जीबी रॅम, डेबियन १२ (लिनक्स), कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१ आणि पीसीआय एक्सप्रेस कार्डासाठी आमचा स्वतःचा ड्रायव्हर. पेटी चालू केल्यापासून साधारण नवव्या दिवशी ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारी कर्नलची सोय) येतो आणि डेटाबेस मारतो. सगळ्या प्रोसेसची आरएसएस (प्रत्यक्ष रॅममधली जागा) मिळून ६०० एमबीच्या वर जात नाही, म्हणजे मेमरी कर्नलच खातोय.

पाचव्या दिवशी /प्रोक/मेमइन्फोमध्ये: स्लॅब (कर्नलच्या छोट्या ऑब्जेक्टांची मेमरी) १९,२५,००० केबी, त्यात एसरिक्लेमेबल (गरज पडली तर परत मिळणारी) १,३५,००० आणि एसअनरिक्लेम (परत न मिळणारी) १७,९०,०००. परसीपीयू, कर्नलस्टॅक, पेजटेबल्स सगळे किरकोळ. स्लॅबटॉप आकाराच्या क्रमाने लावला तर सगळ्यात वर केमॅलॉक-५१२ (५१२ बाइटच्या तुकड्यांचा डबा), ३४ लाख ऑब्जेक्ट. ड्रॉप_कॅशेसमध्ये (कॅश रिकामी करायची कर्नलची फाइल) २ लिहून पाहिलं, काही फरक नाही. वाचणारी प्रोसेस बंद करून परत सुरू केली, तरीही नाही.

एक विचित्र गोष्ट: गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते, मशीन बंद असतात, तरी त्या दिवशी वाढ जास्त. गुरुवारी ८.६ लाख ऑब्जेक्ट, बाकीच्या दिवशी ६.३ ते ६.४ लाख.

लॅबमध्ये केमेमलीक (कर्नलमधली मेमरी गळती शोधणारी सोय) चालू करून कर्नल बांधला, सिग्नल जनरेटर लावून दोन दिवस चालवला. एकही नोंद नाही. आता कुठून धरायचं?

स्लबवाला

ड्रॉप_कॅशेसने फरक पडणारच नव्हता. २ लिहिल्यावर डेंट्री आणि आयनोड (फाइलींची नावं आणि माहिती यांच्या कॅशमधल्या नोंदी) सुटतात, म्हणजे एसरिक्लेमेबलचा भाग. तुमचं दुखणं दुसऱ्या खात्यात आहे.

तुमचे आकडेच बोलतायत, आधी भागाकार करा. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुरुवारचे ८.६ लाख भागिले ८६,४०० म्हणजे सेकंदाला १०, जवळजवळ नेमके. एवढा गोल आकडा टायमरचा किंवा पोलिंगचा असतो. १०० मिलिसेकंदांनी काय चालतं ते शोधा. बाकीच्या दिवशी सेकंदाला ७.३ ते ७.४ पडतात, म्हणजे मशीन चालू असताना त्या दहातले काही फेरे नीट पार पडतात आणि रिकामे फेरे मागे काहीतरी ठेवून जातात. 'डेटा नाही' या वाटेवरची चूक आहे असं मी आत्ताच म्हणेन.

दुसरं, केमॅलॉक-५१२ मध्ये २५७ ते ५१२ बाइटच्या मागण्या जातात, कारण त्याखालचा डबा २५६ चा आहे. ड्रायव्हर डीबग माहितीसकट बांधा आणि त्या .केओ (मॉड्यूलच्या) फाइलवर पाहोल --साइझेस (स्ट्रक्चरांचे आकार दाखवणारं साधन) चालवा. त्या मापात बसणारी स्ट्रक्चर बहुतेक दोन-चारच निघतील. ऑब्जेक्ट केमॅलॉक-सीजी-५१२ मध्ये नाहीत हेही पाहून ठेवा. म्हणजे मागणी जीएफपी_कर्नल_अकाउंटने (मेमरी सीग्रुपच्या खात्यावर मांडायचा फ्लॅग) झालेली नाही आणि ती कुठल्याच सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटाच्या) खात्यावर दिसणार नाही.

लॅबमध्ये एसअनरिक्लेम मुळात वाढत होतं का? सिग्नल जनरेटर सतत डेटा देत असेल तर रिकामी वाट तिथे कधी चाललीच नाही, मग केमेमलीक काय दाखवणार? केबल काढा आणि तासभर बघा.

मुठाकाठ

पेटी रीबूट न करता पाहायचं असेल तर पर्फ (कर्नलमधल्या घटना नोंदवणारं साधन) पुरेसं आहे. पर्फ रेकॉर्डला केमेम:केमॅलॉक हा इव्हेंट द्या, फिल्टरमध्ये बाइट्स_अलॉक बरोबर ५१२, सगळे सीपीयू, कॉल स्टॅकसकट, ६० सेकंद. हा ट्रेसपॉइंट (कर्नलमधली नोंदीची जागा) प्रत्येक मागणी दाखवतो, नंतर सुटलेलीसुद्धा. म्हणून यादीत सगळ्यात वर असलेला दोषी धरू नका. मशीन बंद असताना मोजा आणि ज्या कॉल साइटची (कोडमधली मागणी करणारी जागा) संख्या ६०० च्या आसपास येते ती बघा.

रीबूट चालत असेल तर बूट ओळीत स्लब_डीबग=यू,केमॅलॉक-५१२ टाका. फक्त त्याच कॅशला लावा, सगळ्यांना लावलं तर पेटी रांगायला लागेल. मग डीबगएफएसखाली (कर्नलची डीबग माहिती देणारी फाइल सिस्टिम) स्लॅब/केमॅलॉक-५१२/अलॉक_ट्रेसेस वाचा. जे ऑब्जेक्ट अजून वापरात आहेत त्यांचीच गणती तिथे कॉल साइटप्रमाणे मिळते. एज (वय) हा रकाना जिफीजमध्ये (कर्नलच्या घड्याळाचे ठोके) किमान/सरासरी/कमाल असा असतो. किमान शून्याजवळ, कमाल पेटीच्या अपटाइमएवढा आणि संख्या दर तासाला चढती, अशी ओळ दिसली की तीच. ट्रॅकिंगमुळे प्रत्येक ऑब्जेक्ट मोठा होतो, त्यामुळे ओओएम नवव्या दिवसाच्या आधी येईल, तेवढं कारखान्यात सांगून ठेवा.

भोसरी_गेटवे

केबल काढली आणि लॅबमध्येही वाढ सुरू झाली, सेकंदाला बरोबर १०. जनरेटर चालू असताना खरंच शून्य होती. पोलिंग १०० मिलिसेकंदांचंच आहे, स्टेटस वाचणारा आयऑक्टल (प्रोसेसने ड्रायव्हरला दिलेली हाक). पाहोलमध्ये मागणीची नोंद ठेवणारं स्ट्रक्चर २८० बाइटचं निघालं आणि अलॉक_ट्रेसेसमध्ये त्याच आयऑक्टलचं फंक्शन सगळ्यात वर आहे.

पण केमेमलीक अजूनही काही दाखवत नाही. केबल काढलेली असताना तीनदा स्कॅन केलं. मग ही गळती म्हणायची की नाही?

स्लबवाला

गळतीच. फक्त केमेमलीक ज्याला गळती म्हणतो ती नव्हे. तो डेटा विभाग, स्टॅक आणि चालू ऑब्जेक्ट चाळून पाहतो की या पत्त्याकडे बोट दाखवणारं कुणी उरलंय का. कुणीच नसेल तरच नोंद करतो. तुमचं स्ट्रक्चर एखाद्या लिस्टमध्ये अडकलेलं असेल तर लिस्टचं हेड (सुरुवातीचा दुवा) त्याच्याकडे बोट दाखवतंय, आणि केमेमलीकच्या लेखी तो ऑब्जेक्ट 'वापरात' आहे. हरवलेलं तो शोधतो, साठवून ठेवलेलं नाही. प्रोसेस परत सुरू करून फरक पडला नाही, म्हणजे ती लिस्ट उघडलेल्या फाइलशी बांधलेली नसून डिव्हाइसच्या स्ट्रक्चरमध्ये असणार.

याची खात्री केमेमलीककडूनच करून घेता येते. ड्रायव्हर आरएमएमॉडने काढा. डिव्हाइसचं स्ट्रक्चर सुटलं की लिस्टचं हेड जातं आणि हे सगळे ऑब्जेक्ट पोरके होतात. मग केमेमलीकमध्ये स्कॅन लिहा, थोडं थांबून परत एकदा लिहा. दोनदा यासाठी की दोन स्कॅनच्या मध्ये चेकसम (आतल्या मजकुरावरून काढलेला आकडा) बदलला नाही तरच तो ऑब्जेक्ट जाहीर होतो. मात्र मॉड्यूल गेल्यावर स्टॅकमध्ये फंक्शनची नावं दिसत नाहीत, नुसते पत्ते येतात. म्हणून काढण्यापूर्वी /सिस/मॉड्यूल/ खालच्या तुमच्या ड्रायव्हरच्या सेक्शन्समधला .टेक्स्टचा (कोडच्या भागाचा) पत्ता रूट होऊन लिहून ठेवा. नंतर वजाबाकी करून ॲडर२लाइनला द्या, ओळ क्रमांक हातात येतो.

बाणेर_६४बिट

पुढे असं परत झालं तर एक वेगळी सोय. ६.१० पासून कर्नलमध्ये मेमरी अलोकेशन प्रोफायलिंग आहे. ते चालू करून बांधलेल्या कर्नलमध्ये /प्रोक/अलॉकइन्फो मिळतं. प्रत्येक ओळीत बाइट, किती मागण्या बाकी, फाइल आणि ओळ क्रमांक, मॉड्यूल, फंक्शन. सॉर्ट -जी लावून टेल पाहिलं की झालं, आणि बोजा इतका कमी की चालू पेटीवर ठेवता येतो. पेजेस थेट अलॉक_पेजेसने घेतलेली असली तरी दिसतात. जुन्या कर्नलवर त्यासाठी पेज_ओनर=ऑन लावावं लागतं, कारण तशी पेजेस मेमइन्फोच्या कुठल्याच ओळीत येत नाहीत. तुमच्याकडे स्लॅबच फुगलाय, म्हणून इथे त्याची गरज नाही.

भोसरी_गेटवे

सापडलं. आरएमएमॉडनंतर दुसऱ्या स्कॅनला हजारोंनी नोंदी आल्या, सगळ्यांचा पत्ता एकच.

आयऑक्टल आधी केझेडॲलॉक करतो (मेमरी मागतो), लगेच लिस्ट_ॲड_टेलने डिव्हाइसच्या लिस्टमध्ये टाकतो, आणि मग फिफो (डेटाची रांग) रिकामी आहे का ते बघतो. रिकामी असेल तर उणे ईअगेन ('नंतर परत या' हा एरर) घेऊन सरळ परत. लिस्ट_डेल (लिस्टमधून काढणं) नाही, केफ्री (मेमरी सोडणं) नाही. ती लिस्ट फक्त ड्रायव्हर काढताना चालू मागण्या रद्द करायला ठेवली होती. तिथे कम्प्लीट करतो, पण सोडत नाही, कारण सोडायचं काम वाट पाहणाऱ्याचं. इथे वाट पाहणारा केव्हाच निघून गेलेला.

फिफोची तपासणी आता केझेडॲलॉकच्या आधी घेतली आहे. केबल काढून चार तास झाले, केमॅलॉक-५१२ ची संख्या जागची हललेली नाही.

मुठाकाठ

तपासणी वर घेतलीत ते ठीक, पण लिस्टमध्ये टाकल्यावर परत फिरणाऱ्या बाकीच्या वाटा तपासल्यात का? डेटाची वाट वेट_इव्हेंट_इंटरप्टिबलने बघत असाल तर सिग्नल आल्यावर उणे ईरिस्टार्टसिस मिळतो. तिथूनही सरळ रिटर्न असेल तर प्रोसेस मारली जाईल त्या प्रत्येक वेळी एक ऑब्जेक्ट मागे राहील. कॉपी_टू_यूजर (प्रोसेसला डेटा देणं) फसल्यावरचा ईफॉल्ट एररही तसाच. सगळ्या वाटा एका गोटू लेबलवर आणा आणि तिथे लॉक, लिस्ट_डेल, अनलॉक, केफ्री एकदाच लिहा.

आणि चार तास कमी आहेत. दर १० मिनिटांनी एसअनरिक्लेम फाइलमध्ये लिहीत एक आख्खा गुरुवार जाऊ द्या. आकडा किती आहे ते बघू नका, चढ आहे का ते बघा. सुरुवातीला थोडा वाढून स्थिर झाला तर ते कॅश भरणं आहे.

भोसरी_गेटवे

ईरिस्टार्टसिसच्या वाटेवर तीच चूक आहे, आत्ताच पाहिली. वाचणाऱ्या प्रोसेसला ५०० वेळा सिगटर्म देऊन परत सुरू करणारी स्क्रिप्ट लावली तर केमॅलॉक-५१२ मध्ये ५०० च्या आसपास वाढ दिसते. गोटू लेबल टाकून तीच स्क्रिप्ट परत चालवतो. या गुरुवारी नवा ड्रायव्हर भोसरीच्या पेटीत जाईल, २४ तासांच्या नोंदी इथेच टाकेन.