मदत हवी आहे: आजोबांच्या ट्रंकेतला जपानी बिल्ला ३५व्या ब्रिगेडचा की ३६व्या?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आवराआवरीत आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी खाकी फडक्यात गुंडाळलेला एक पितळी बिल्ला सापडला, जपानी शिपायाच्या ओळखीचा. लांबट गोल, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, दोन्ही टोकांना दोरी ओवायला आडव्या खाचा. त्यावर उभी जपानी अक्षरं ठोकलेली आहेत. आई चिंच लावून घासायला निघाली होती, वेळेवर थांबवलं.

आजोबा सातारा जिल्ह्यातले. महायुद्धात रसद विभागात ड्रायव्हर होते आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये ११६व्या हिंदी इन्फंट्री ब्रिगेडबरोबर पोर्ट ब्लेअरला उतरले. जिमखाना मैदानावरची शरणागती त्यांनी लांबून पाहिली होती. ब्रिगेडियर सॉलोमन्स यांच्यापुढे जपान्यांकडून दोघे आले, नौदलाचे व्हाइस अ‍ॅडमिरल तेइझो हारा आणि लष्कराचे मेजर जनरल तामेनोरी सातो. बिल्ला कुठे मिळाला हे आजोबांनी कधीच सांगितलं नाही. बोलायचे ते बेटावरच्या भुकेबद्दल. "माणसं नुसत्या डोळ्यांची उरली होती," एवढं म्हणून गप्प व्हायचे.

महिनाभर मिळेल ते वाचतोय. अंदमान जपान्यांनी २३ मार्च १९४२ रोजी घेतलं, पण सुरुवातीला कारभार मुख्यतः नौदलाच्या हातात होता. १९४४ मध्ये लष्कराने बेटांच्या रक्षणासाठी स्वतंत्र मिश्र ब्रिगेडी उभ्या केल्या. 'मिश्र' म्हणजे पायदळाच्या पलटणी, तोफखाना, इंजिनियर आणि सिग्नलवाले सगळे एकाच ब्रिगेडप्रमुखाच्या हाताखाली, कारण बेटावर अडकल्यावर वरच्या डिव्हिजनकडे धावता येत नाही. ३५वी अंदमानात होती आणि ३६वी कार निकोबारवर. दोन्ही मलायातल्या २९व्या आर्मीच्या अखत्यारीत.

माझी अडचण इथेच सुरू होते. हा बिल्ला त्या शिपायाच्या घरी जपानला पाठवायची माझी फार इच्छा आहे. ऐंशी वर्षं कुणीतरी वाट पाहिली असेल. पण ३६व्या ब्रिगेडबद्दल वाचल्यापासून झोप नीट लागत नाही. जुलै १९४५ मध्ये ब्रिटिश युद्धनौकांनी कार निकोबारवर तोफा डागल्या. शत्रूला खुणा करता, तांदूळ चोरता, असे आरोप ठेवून या ब्रिगेडने निकोबारी लोकांना पकडलं, छळलं आणि मारलं. युद्ध संपायला जेमतेम काही दिवस उरले असताना! याच लोकांना आधी धावपट्टीच्या कामाला जुंपलेलं होतं. निकोबारी पुढारी जॉन रिचर्डसन (पुढे बिशप आणि पहिल्या लोकसभेत नियुक्त खासदार) कैदेतून वाचले ते केवळ शरणागती वेळेवर झाली म्हणून. ब्रिगेडचे प्रमुख मेजर जनरल तोशिओ इत्सुकी यांच्यावर १९४६ मध्ये सिंगापूरला खटला चालला आणि त्यांना मृत्युदंड झाला.

अंदमानातलं चित्रही काही बरं नाही. सेल्युलर जेल म्हटलं की आपल्याला सावरकरांची कोठडी आठवते. त्याच इमारतीत जानेवारी १९४४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाणसिंग छळाने गेले हे मला आत्ता कळलं. त्याच महिन्याच्या ३० तारखेला होमफ्रेगंजला ४४ जणांना हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घातल्या. मला यात लष्कर आणि नौदल यांची जबाबदारी वेगळी करून समजून घ्यायची आहे, कारण एका साध्या शिपायाच्या नातवंडांना पत्र लिहायचं तर खरं काय ते ठाऊक हवं.

बिल्ल्यावर मला ओळखता आलं ते असं. सगळ्यात वर एक गुंतागुंतीचं चित्राक्षर, त्याखाली आकड्यांसारखी अक्षरं. मग चौकोन आणि त्यातून आरपार उभी रेघ, म्हणजे 'चू', चुताई अर्थात कंपनी. त्याखाली तीन आडव्या रेघा, म्हणजे तीन. शेवटी शिपायाचा क्रमांक असावा, तिथे पितळ झिजलंय. नाव नाही. साध्या शिपायांच्या बिल्ल्यावर ते नसायचंच, अधिकाऱ्यांच्या असायचं. वरचं अक्षर आणि आकडे हे तुकडीचं सांकेतिक नाव असणार, कारण युद्धकाळात जपानी तुकड्यांची खरी नावं लपवून असंच लिहीत.

तर जाणकारांनो, हे सांकेतिक नाव ३५व्या किंवा ३६व्या ब्रिगेडच्या कुठल्या पलटणीचं आहे हे ओळखायला कुणी मदत करेल का? जपानच्या आशियाई ऐतिहासिक दस्तऐवज केंद्राची कागदपत्रं नेटवर मोफत आहेत, पण मला जपानी येत नाही. इथे कुणी जपानमध्ये असेल किंवा भाषा शिकलं असेल तर तासभर द्यावा ही विनंती. सिंगापूरच्या खटल्याची फाईल लंडनच्या क्यू इथल्या अभिलेखागारात कुणी पाहिली आहे का? आणि पोर्ट ब्लेअरला राहणारे मराठी सभासद असतील तर त्यांनी जरूर लिहावं, घराघरांत ऐकलेल्या गोष्टीही चालतील.

संपादन: दोघांनी विचारलं म्हणून सांगतो, नौदलाचं जहाजी नांगराचं चिन्ह कुठेही नाही, त्यामुळे बिल्ला लष्कराचाच धरतोय. उद्या दिवसाच्या उजेडात तिरप्या कोनातून फोटो काढून इथेच टाकतो. घासायचं मात्र कुणी सुचवू नका.